विंडोजचं सर्च आपल्या हिशेबाने कसं लावायचं: इंदूरच्या घराघरांतून येणारे प्रश्न

गणपती मंडळाचा हिशोब, भाचीच्या लग्नाची पत्रिका, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीची पीडीएफ, नगर निगमची पावती, फाइल कोणतीही असो, "अरे केली होती रे, आता सापडत नाहीये" हा फोन मला आठवड्यातून एकदा येतोच. रामबागेतून, राजेंद्र नगरातून, लोकमान्य नगरातून, तेच प्रश्न. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. विंडोज ११ धरून लिहिलंय, १० मधे नावं थोडी इकडेतिकडे असतील (आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हेही लक्षात असू द्या).

१. खाली टास्कबारवर तो लांबडा सर्चचा डबा आहे, तो काढता येतो का? काढला तर सर्च बंद पडेल का?

येतो, आणि नाही पडणार. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, तिथे सर्चसमोर चार पर्याय असतात: लपवा, नुसता आयकॉन, आयकॉन आणि नाव, पूर्ण डबा. लपवला तरी विंडोजचं बटण दाबून सरळ टाइप करायला लागा, सर्च उघडतं. विंडोज आणि एस दाबलं तरी उघडतं. मी तर लपवूनच ठेवलाय, छोट्या लॅपटॉपवर जागा कुठे असते एवढी.

२. खालचं सर्च आणि फोल्डरच्या वरच्या कोपऱ्यातलं सर्च, दोन्ही एकच का?

यंत्र बरंचसं एकच, पण शोधायची जागा वेगळी. खालचं सर्च प्रोग्राम, सेटिंग, फाइल आणि इंटरनेट सगळं एकत्र कालवून देतं. फोल्डरमधलं फक्त तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथे आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांमधे बघतं. म्हणून डाउनलोड्समधे उभं राहून डॉक्युमेंट्समधली फाइल शोधली तर कशी मिळणार, आणि नेमकं हेच निम्म्या लोकांचं होतं. फाइल शोधायची असेल तर विंडोज आणि ई दाबा, धिस पीसीवर जा आणि तिथून शोधा.

३. इंडेक्स इंडेक्स म्हणतात ते काय असतं?

पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तेच. कंप्यूटर रिकामा असतो तेव्हा तो फाइलींची नावं आणि आतले शब्द वाचून एक वही तयार करतो, तुम्ही शोधता तेव्हा डिस्क न चाळता ती वही बघतो, म्हणून उत्तर पटकन येतं. यातूनच पुढचं सगळं निघतं: जे वहीत नाही ते एक तर सापडत नाही, किंवा फार रडतखडत सापडतं. सर्च बिघडलंय असं ज्यांना वाटतं त्यांच्यात बहुतेकांचं सर्च ठणठणीत असतं, त्याला जागाच दाखवलेली नसते.

४. माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सर्चला काहीच सापडत नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे जुनी पद्धत आहे, कंप्यूटर घेतला की दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतो आणि सांगतो की सीवर काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जाईल. सल्ला चांगला आहे, आपण सगळे वर्षानुवर्षं पाळतो, फोटो डीवर, हिशोब डीवर, मुलांचे प्रोजेक्ट ईवर. पण विंडोजला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याची सुरुवातीची सेटिंग क्लासिक असते, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप असं तुमच्या यूजरच्या घरातलंच ते वहीत लिहितं. डीचा त्यात पत्ताच नसतो.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमधे इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडा (कंट्रोल पॅनल वर उजवीकडे व्ह्यू बायमधे स्मॉल आयकॉन्सवर ठेवा म्हणजे दिसेल), मॉडिफाय दाबा, ड्राइव्हची यादी येईल. पूर्ण डीवर टिक करू नका, डीसमोरचा बाण उघडा आणि जे फोल्डर खरंच शोधता तेवढेच टिक करा, हिशोब, कागदपत्रं, मंडळ, बस. सिनेमे आणि गाण्यांचे फोल्डर सोडा, त्यांना वहीत घालून काय करणार. ओके करून थोडा वेळ द्या, त्याच खिडकीत वर किती फाइली लिहून झाल्या तो आकडा वाढत जाताना दिसतो, तो थांबला आणि इंडेक्सिंग कम्प्लीट आलं की शोधून बघा.

दुसरा रस्ता उलटा आहे, डॉक्युमेंट्स फोल्डरच डीवर हलवायचा: त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. मग जागाही डीवर आणि सर्चच्या ओळखीचीही. पण ज्यांना नवीन काही केलं की धडधडतं त्यांनी पहिला रस्ता घ्या.

५. त्यापेक्षा एन्हान्स्ड लावून टाकलं तर? एकदाच सगळा कंप्यूटर येईल ना.

येईल. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सर्चिंग विंडोज (काही नव्या अपडेटनंतर नुसतं सर्च नावाने दिसतं), तिथे फाइंड माय फाइल्स खाली क्लासिक आणि एन्हान्स्ड असे दोन गोल आहेत. एन्हान्स्ड केलं की पूर्ण कंप्यूटर वहीत जातो. डिस्क एसएसडी असेल आणि फाइली बेताच्या असतील तर खुशाल लावा.

पण जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर नको. मी स्वतः आमच्या जुन्या लॅपटॉपवर लावलं होतं, दिवसभर पंखा असा फिरत होता की आईने विचारलं मिक्सर लावलायस का. मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे की ४ लाखांच्या वर आयटम झाले की सर्च मंदावू शकतं आणि १० लाख ही कमाल. लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि प्रोग्रामच्या बारक्या बारक्या फाइली मिळून हा आकडा वाटतो तेवढा लांब नाही. लावायचंच असेल तर त्याच पानावर खाली नको ते फोल्डर वगळायची सोय आहे, आधी ते वगळा, आणि पॉवर सेटिंग्ज पाळण्याचं बटणही तिथेच आहे ते चालू ठेवा म्हणजे बॅटरीवर असताना काम कमी करतं.

६. फाइलचं नाव टाकलं तर सापडते, पण आत लिहिलेलं टाकलं तर नाही.

इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फाइल टाइप्स. तिथे तुमच्या फाइलचा प्रकार निवडा आणि खाली इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स करा. वर्ड, एक्सेल, पीडीएफला हे बहुधा आधीच असतं, पण एखाद्या वेगळ्या प्रोग्रामची फाइल असेल तर नुसत्या प्रॉपर्टीजवर असते. फोल्डर मुळात वहीतच नसेल तर आधी प्रश्न ४. आणि पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर हे करून उपयोग नाही, प्रश्न १३ बघा.

७. मला फाइल हवी असते आणि हा इंटरनेटचं काहीतरी दाखवतो. बंद करा ना हे.

मलाही याचा राग आहे. "पावती" लिहिलं की पावती बनवायच्या वेबसाइटी दाखवतो. युरोपातल्या लोकांना तिथल्या कायद्यामुळे वेबचं सर्च काढून टाकायची सोय मिळाली, आपल्याकडे मात्र रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या कोठारात, हात घालावा लागतो. रजिस्ट्री एडिटर उघडा आणि आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्या, हे टाळू नका. मग करंट यूजर, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं आत जा. तिथे एक्सप्लोरर नावाची की नसेल तर बनवा, तिच्यात नवीन ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू बनवा, नाव डिसेबल, सर्च, बॉक्स, सजेशन्स हे चार शब्द इंग्रजीत मधे स्पेस न देता, किंमत १. कंप्यूटर रीस्टार्ट. परत हवं असेल तर ती व्हॅल्यू डिलीट करा. ऑफिसच्या मशीनवर हे करू नका, आयटीवाल्याला सांगा.

८. सर्च उघडलं की कुठल्यातरी पक्ष्याचं चित्र आणि दिनविशेष येतात.

त्याला सर्च हायलाइट्स म्हणतात. प्रश्न ५ मधल्याच सेटिंग्जमधे, सर्च परमिशन्सखाली शो सर्च हायलाइट्स बंद करा. रजिस्ट्रीची गरज नाही.

९. घरात एकच कंप्यूटर आहे, मी काय शोधलं ते मुलांना दिसतं. आणि मुलं काय शोधतात त्याची काळजी वेगळी.

सर्च परमिशन्समधेच सर्च हिस्ट्री ऑन धिस डिव्हाइस बंद करा आणि शेजारचं क्लिअर दाबा. सेफ सर्चही तिथेच आहे, स्ट्रिक्टवर ठेवा. पण ते विंडोजच्या सर्चमधल्या वेबच्या उत्तरांपुरतं, ब्राउझरमधे वेगळं करावं लागेल. खरं म्हणजे मुलांना वेगळं यूजर अकाउंट बनवून द्या, सगळ्याच भानगडी मिटतात.

१०. सर्चमधे मराठीत टाइप करता येतं का?

येतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा ठरलेला सरकारी कीबोर्ड) जमत नसेल तर कीबोर्डमधे मराठी फोनेटिक निवडा, हा २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मिळतो, इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटतं. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला. एक मात्र लक्षात ठेवा, इंग्रजी अक्षरांत गणपती लिहून शोधलं तर देवनागरीत नाव असलेली फाइल मिळणार नाही, त्याला दोन्ही एकच आहेत हे कळत नाही. मी महत्त्वाच्या फाइलींच्या नावात दोन्ही लिहितो, आधी देवनागरी मग इंग्रजी. फोटो आणि वर्डच्या फाइलींना प्रॉपर्टीजमधल्या डीटेल्समधे टॅगही लावता येतात, पीडीएफला तिथून लावता येत नाहीत.

११. फाइल समोर दिसतेय, अगदी तोच शब्द टाइप करतोय, तरी सापडत नाही! वेड लागायची पाळी आली.

तुम्हाला वेड लागलेलं नाही, हे मराठीचं दुखणं आहे आणि यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, दिसायला एक पण आतून दोन. ॲडमिशनमधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एक म्हणजे अ वर चंद्र ठेवून, दुसरा अख्खा एक अक्षर म्हणून, जो युनिकोडमधे (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या यादीत) २००८ साली आला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कंप्यूटरच्या लेखी वेगळे. तसंच दुसऱ्या, तिसऱ्या, सुपाऱ्या यातला तो र, काही कीबोर्ड तो नुक्त्याच्या ऱ पासून बनवतात आणि काही साध्या र ला एक न दिसणारं जोडअक्षराचं चिन्ह लावून. भावाने एका कीबोर्डवर फाइल सेव्ह केली आणि तुम्ही दुसऱ्यावर शोधताय, मग कसं जमणार. उपाय असा की भांडणाचं अक्षर टाळा, दुसऱ्याऐवजी नुसतं दुस लिहा. ॲ सुरुवातीलाच असेल तर फाइलच्या नावासाठी डमिशनच्या आधी आणि नंतर तारा (*) ठेवा.

दुसरी, आपली इंदुरी गोष्ट. इथे मराठी घरातसुद्धा टाइप करणारे निम्मे लोक हिंदी शाळेत शिकलेले, त्यामुळे मंडळाच्या एकाच फोल्डरात गणपती दीर्घ आणि गणपति ऱ्हस्व, समिती आणि समिति, इंदूर आणि इंदौर सगळं गुण्यागोविंदाने नांदतं. शुद्धलेखनावरून भांडू नका (मी भांडून पाहिलंय), दोन्ही शब्द लिहून मधे इंग्रजी कॅपिटलमधे ऑर टाका, दोन्ही येतील. कॅपिटलच हवं, छोट्या अक्षरात लिहिलं तर तो त्याला शोधायचा शब्द समजतो.

तिसरी, विभक्ती. सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं, म्हणून इंदूर लिहिलं तर इंदूरला, इंदूरचा, इंदूरहून सगळं मिळतं. पण पुणे लिहिलं तर पुण्याला मिळत नाही कारण तिथे पुणे राहिलाच कुठे. अशा वेळी मूळ तोडून लिहा, पुण. घोडा शोधायचा तर घोड. हे एकदा अंगवळणी पडलं की मराठीतलं निम्मं सर्च सुटलं समजा.

१२. जुन्या फाइली कृतिदेवमधे आहेत, त्या मराठी किंवा हिंदी लिहून सापडतील का?

नाही. इथल्या सरकारी कामाची आणि टायपिंगवाल्यांची किती कागदपत्रं कृतिदेवमधे आहेत ते सांगायला नको, आणि मराठी पत्रिकावाल्यांची श्रीलिपीत. त्या फाइलीत खरं तर देवनागरी नसतेच, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. सर्चला वेश दिसत नाही, आतलंच दिसतं. एक जुगाड आहे, तसल्या एखाद्या फाइलमधून शब्द कॉपी करून सर्चमधे पेस्ट करा, कचरा दिसेल पण त्या कचऱ्यावर कधीकधी फाइल मिळते. कधीकधीच, कारण त्यात मधेमधे स्लॅश आणि सेमीकोलन येतात आणि तिथे शब्द तुटतो. पक्का उपाय म्हणजे कामाच्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणून ठेवा, आणि आणल्यावर एकदा वाचा, जोडाक्षरांचा घोळ होतो.

१३. रजिस्ट्रीची पीडीएफ आहे, आत वडिलांचं नाव आहे, शोधलं तर येत नाही.

(ही घराची रजिस्ट्री, प्रश्न ७ मधली नव्हे, मागे एका काकांचा गोंधळ झाला होता.) ती स्कॅन असणार. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात सर्चला वाचता येईल असा शब्दच नाही. माउसने ओळ सिलेक्ट करून बघा, झाली नाही तर स्कॅन समजा. कोरल या डिझाइनच्या प्रोग्राममधे कर्व्ह करून पाठवलेल्या पत्रिकेचंही तसंच, अक्षरं नसून आकृत्या असतात. गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्सने उघडली तर तो अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतो. नाही तर सरळ नाव नीट द्या: मालकाचं नाव, कॉलनी, वर्ष. स्कॅन शून्य शून्य एक असलं नाव ठेवून पुढच्या पिढीला छळू नका.

१४. मागच्या वर्षीची फाइल, नाव आठवत नाही, फक्त कधीची ते आठवतं.

एक्सप्लोररच्या सर्चमधे इंग्रजीत डेट लिहून कोलन द्या, पुढे तारीख. दोन तारखांमधे दोन टिंबं ठेवली तर त्यामधलं सगळं येतं, म्हणजे ०१-०४-२०२५ पासून ३१-०३-२०२६ दिलं की अख्खं आर्थिक वर्ष, सीएसाठी कागद गोळा करताना फार कामाचं (तारखेचे आकडे इंग्रजीत टाइप करा, दिवस-महिना-वर्ष हा क्रम तुमच्या कंप्यूटरच्या रीजनप्रमाणे). तसंच काइंड कोलन पिक्चर म्हणजे फक्त फोटो, ईएक्सटी कोलन पीडीएफ म्हणजे फक्त पीडीएफ, साइज कोलन मग मोठेपणाचं चिन्ह आणि १०० एमबी म्हणजे जागा खाणारे सगळे पुंड. एकाच ओळीत दोन-तीन लावता येतात.

१५. दुकानातून कंप्यूटर फास्ट करून आणला तेव्हापासून सर्च मेलंच आहे.

फास्ट करायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे सर्चची सर्व्हिसच बंद करणे, माझ्याही लॅपटॉपवर एका दुकानदार भियाने हेच केलं होतं, पैसे वेगळे. विंडोज आणि आर दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी इंग्रजीत लिहा, यादीत विंडोज सर्च शोधा, त्यावर डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा आणि स्टार्ट दाबा. मग वही नव्याने लिहायला वेळ लागेल, तोपर्यंत पोहे-जिलेबी खाऊन या.

१६. रीबिल्ड कधी करायचं?

सगळ्यात शेवटी. जे डिलीट केलंय तेही सर्चमधे दिसतंय, किंवा जागा बरोबर दिलेली असून (प्रश्न ४) नवीन फाइली येतच नाहीयेत, तेव्हा. इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रीबिल्ड. यात जुनी वही फाडून नवी लिहिली जाते, तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण लिहून होईपर्यंत सर्च अर्धवट उत्तरं देतं. मी एकदा अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री केलं, हिशोबाच्या मीटिंगआधी, आणि मग सकाळी एकेक फोल्डर हाताने उघडत बसलो. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर त्याच खिडकीत इंडेक्सची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येते. सर्वसाधारणपणे वही ही वहीत घेतलेल्या फाइलींच्या १० टक्क्यांच्या आत असते, मात्र बारक्या फाइली फार असल्या तर फुगते.

१७. पेन ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ऑफिसचा नेटवर्क ड्राइव्ह?

पेन ड्राइव्ह आपोआप वहीत जात नाही, लावून त्यात उभं राहून शोधा, हळू शोधेल. वनड्राइव्हच्या ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्यांचं नाव सापडतं, आतला मजकूर नाही, हवा असेल तर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा. नेटवर्कचा ड्राइव्ह ऑफलाइन उपलब्ध केल्याशिवाय आपल्या वहीत येत नाही.

१८. वहीत नसलेल्या फोल्डरातही आतला मजकूर शोधता येईल का?

येईल, एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समधे सर्च टॅबवर नेहमी नाव आणि मजकूर दोन्ही शोधा असा चौकोन आहे. पण मग प्रत्येक वेळी फाइली उघडून वाचत बसतं, कायमचं चालू ठेवू नका. झिपच्या पोटात शोधायचा चौकोनही तिथेच.

१९. एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर टाकलं तर हे सगळं करावं लागणार नाही ना?

फाइलच्या नावासाठी मी स्वतः तेच वापरतो. फुकट आहे, एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) डिस्कची स्वतःची फाइलींची यादी थेट वाचतं म्हणून टाइप करता करता उत्तर येतं, डी ड्राइव्हसकट. पण आतल्या मजकुराला विंडोजचीच वही बरी. आणि प्रश्न ११ मधलं दुखणं तिथेही तसंच राहतं.

२०. सगळं केलं, एकाच फोल्डरातल्या फाइलींचा मजकूर येत नाही, शेजारच्या फोल्डराचा येतो.

त्या फोल्डरावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे या फोल्डरातल्या फाइलींचा मजकूर इंडेक्स करू द्यायचा असा चौकोन असतो, तो कोणीतरी काढलेला असणार. टिक करा, विचारेल की आतल्या सगळ्यांना लावू का, हो म्हणा. तो नीट असेल तर प्रश्न ५ मधल्या वगळलेल्या फोल्डरांची यादी बघा, तिथे दोनदा तरी मी स्वतःच वगळलेला फोल्डर मला सापडलाय.

२१. नवीन लॅपटॉप घेतोय, कोपायलट प्लसवाला. त्यात आपल्या बोलण्यातून फाइल शोधतो म्हणे, मराठीत चालेल?

ते अर्थावरून शोधणारं सर्च इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश, चिनी अशा मोजक्या भाषांसाठी दिलंय, मराठी त्यात नाही. लॅपटॉप घ्यायचा तर दुसऱ्या कारणाने घ्या, आणि घेतल्यावर प्रश्न ४ पासून सुरू करा, कारण दुकानदार त्याचेही सी आणि डी करून देईल.